हलकी रायफल आणि चार किलोंची पहार

परवा रात्री साडेदहाला डेन्व्हरहून भाच्याचा फोन आला. एवढ्या अवेळी फोन आला की पोटात गोळाच येतो. "मामा, आधी शपथ घे, आईला सांगणार नाहीस." म्हटलं झालं, नोकरी गेली वाटतं.

तर तसं काही नव्हतं. साहेबांना शिकारीला जायचंय! ऑफिसातले दोघं-तिघं दरवर्षी कोलोरॅडोच्या डोंगरात एल्कच्या शिकारीला जातात, यंदा ह्यालाही यायचं आमंत्रण. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ समजा, भरलेला नर तीनशे किलोच्या आसपास जातो. "तर मामा, डोंगरावर न्यायला हलकी आणि दणकट रायफल कोणती घेऊ? तुला कळतं ना त्यातलं?"

मला कळतं म्हणजे काय, तर आमच्या आप्पांकडे शेतराखणीच्या परवान्याची बारा बोअरची बंदूक होती, आणि कॉलेजात एनसीसीमध्ये मी पॉइंट टू-टू आणि थ्री-नॉट-थ्री चालवली. पुढे वाचनाचा नाद. एवढ्यावर घराण्यात मी बंदुकीतला तज्ज्ञ! पण प्रश्न डोक्यातून जाईना. दोन दिवस विचार केला, त्याला उत्तर दिलं, आणि आता तेच इथे लिहितोय.

(ताई, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. पोराला विचारूनच लिहितोय. शेवटपर्यंत वाच, मग फोन कर.)

आधी कायद्याचं, म्हणजे कुणी काळजीने लिहायला नको. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून हौसेची शिकार करायची वाटही बंद झाली. चांदवडच्या डोंगरात आज रायफल घेऊन फिरलात तर थेट आत. पिकात घुसणारं रानडुक्कर असलं तरी वनखात्याची लेखी परवानगी हवी. आणि ते योग्यच आहे असं माझं मत आहे. पण कोलोरॅडोत शिकार कायदेशीर आहे, आणि नियम आपल्याला वाटतात त्यापेक्षा कडक आहेत. १९४९ पासून पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. रायफलच्या हंगामात अंगावर ठरावीक मापाचा भडक भगवा नाहीतर गुलाबी कपडा घालावा लागतो, म्हणजे दुसरा शिकारी तुम्हालाच हरीण समजणार नाही. मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस वाया घालवणं हा तिथे गुन्हा आहे. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. आणि आमचा हा ग्रीन कार्डवाला आहे म्हणून बरं. नुसत्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला तिकडे कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, शिकारीचा चालू परवाना असणं हा त्यातला एक अपवाद.

आता मूळ प्रश्न. डोंगरावर हलकी रायफल का हवी?

ज्यांनी आमच्याकडचे राजधेर, कोळधेर, इंद्राई चढलेत त्यांना हे सांगायला नको. गाडीतून उतरताना पाठीवरची पिशवी काहीच वाटत नाही. पहिल्या सोंडेवर ती जाणवते. घसाऱ्यावर पाय मागे सरकायला लागले की तीच पिशवी मागे ओढते. आणि कातळाच्या टप्प्याशी आलो की आपण पाण्याची दुसरी बाटली का घेतली म्हणून स्वतःलाच शिव्या देतो. आणि हे सगळं आपल्या हवेत! पोरगा जिथे जाणार तिथे तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास, म्हणजे प्रत्येक श्वासाला प्राणवायू जवळजवळ तीस टक्के कमी. तिथे अर्धा किलोसुद्धा दिवसभर बोलतो.

बाजारात ह्यासाठी 'माउंटन रायफल' असा वेगळा प्रकारच आहे. साधी शिकारीची रायफल नुसती साडेतीन किलोंच्या आसपास. तिच्यावर दुर्बीण, दुर्बिणीच्या कड्या, खांद्याचा पट्टा आणि काडतुसं चढली की झाली सव्वाचार-साडेचार किलो. फिनलंडची टिक्का टी-थ्री-एक्स लाइट नुसती २.९ किलोंच्या घरात. किंबरची माउंटन असेंट तर सव्वादोन किलोंच्या आसपास! वजन कुठून काढतात? लाकडी दस्त्याच्या जागी कार्बन फायबरचा पोकळ दस्ता. नळी बारीक, तिच्यावर लांब खाचा. बोल्टही कोरून काढलेला. काही महागड्या रायफलींची मधली चौकट टायटॅनियमची. वजन जसं उतरतं तशी किंमत चढते, उलटा तराजू!

पोराला ती सव्वादोन किलोवालीच घ्यायची होती. पैसा आहे, हौस आहे. मी म्हटलं, जरा थांब लेका.

एक साधा हिशेब बघा. गोळी पुढे जाते तेव्हा रायफल मागे येते. तेच काडतूस असेल तर मागे येणारा जोर ठरलेला, पण खांद्याला बसणाऱ्या दणक्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या उलट प्रमाणात. चार किलोंची रायफल तीन किलोंची केली की दणका एकतृतीयांशाने वाढतो. अडीच किलोंची केली की साठ टक्क्यांनी! दणका वाढला की माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, खांदा चोरतो. एनसीसीत आमच्यातली निम्मी पोरं थ्री-नॉट-थ्रीला हे करायची, आणि ती रायफल तर चांगली चार किलोंची होती. गोळी कुठे जायची ते टार्गेटच्या मागच्या मातीच्या ढिगाऱ्याला विचारा.

दुसरं म्हणजे हलकी वस्तू हातात ठरत नाही. पाण्याने भरलेला हंडा दोन्ही हातांनी धरला की स्थिर राहतो, रिकामी परात वाऱ्याने हलते. धाप लागलेली असताना छातीचा प्रत्येक ठोका हलक्या नळीच्या टोकाला जाऊन पोचतो. जड रायफल तो थोडासा गिळते. आणि बारीक नळी चटकन तापते, दोन-तीन गोळ्यांनंतर नेम सरकू शकतो. शिकारीत एकच गोळी लागते हे खरं, पण सराव करताना दर दोन गोळ्यांनी थांबायचं म्हणजे पोरं सरावच करत नाहीत.

हा धडा सैन्यानेसुद्धा घेतलाय. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-मलायाच्या जंगलासाठी म्हणून इंग्रजांनी त्याच थ्री-नॉट-थ्रीची छोटी आवृत्ती काढली, नंबर फाइव्ह, 'जंगल कार्बाइन'. १९४४ ते १९४७ ह्या काळात ती बनली. नळी आखूड, लाकूड कमी, जिथे जमेल तिथे धातू कोरून काढलेला, जवळजवळ किलोभर वजन कमी. दिसायला काय देखणी! पण शिपायांची तक्रार दणक्याची. दस्त्याला रबर लावलं तरी ती तक्रार गेली नाही. आणि दुसरी तक्रार अशी की एकदा बांधलेला नेम टिकत नाही, आज इथे तर उद्या तिथे. शेवटी ती मागे पडली.

तुम्ही म्हणाल, मग जिम कॉर्बेट? तो तर कुमाऊंच्या डोंगरात हलकी रायफल घेऊनच फिरायचा. बरोबर आहे. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट ह्यांनी त्याला रिग्बी कंपनीची पॉइंट टू-सेव्हन-फाइव्ह भेट दिली. काडतूस म्हणजे जर्मनांचं सात बाय सत्तावन्न, वाघासाठी लोक जी तोफखान्यासारखी दुनळी वापरायचे त्यापुढे अगदी लहान. पण कॉर्बेटचं कौशल्य बंदुकीत कमी आणि पायांत जास्त होतं. १९३० साली चौगढच्या वाघिणीसमोर तो अचानक आला तेव्हा त्याच्या डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती. उजव्या हाताने, एकट्या हाताने, त्याने ती रायफल हळूहळू फिरवली आणि बार काढला. जड दुनळी असती तर जमलं नसतं. पण अंतर किती होतं? काही फुटांचं! हलक्या रायफलीने त्याला जनावराच्या जवळ जायला मदत केली. लांबून मारायला नाही. मला वाटतं सगळी गोम इथे आहे.

आता दणकटपणाचं. ह्यावर मात्र मी पोराला म्हटलं, पैसे सोड. गंज न लागणाऱ्या स्टीलची नळी घे. दस्ता चांगल्या फायबरचा घे. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता दिसतो सुरेख, पण लाकूड पाणी पितं. आप्पांची बंदूक आषाढात नुसती हाताला लावली तरी फुगलेली जाणवायची, दिवाळीनंतर पुन्हा बारीक. छर्ऱ्याच्या बंदुकीला त्याने फरक पडत नाही. रायफलीत लाकूड फुगून नळीला टेकलं की नेम इंच-दोन इंच सहज बदलतो. बोल्टचीच रायफल घे, भाग कमी म्हणजे बिघाड कमी. बर्फात जायचं तर आतलं जास्तीचं तेल पुसून टाक, जाड तेल थंडीत गोठतं आणि खटका मंद पडतो. नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लाव, कारण आत बर्फ किंवा चिखल गेला आणि तशीच गोळी सुटली तर नळी फाटू शकते. आणि डोंगरात एकदा जरी पडलास, रायफल आपटली, तर दुर्बीण हलली असं धरूनच चाल. आधी नेम तपासायचा, मग बाकीचं.

काडतुसाबद्दल फार डोकं लावू नकोस म्हटलं. कोलोरॅडोत एल्कसाठी कमीत कमी पॉइंट टू-फोर कॅलिबर आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पाउंड ऊर्जा असा नियम आहे, पण ती पास होण्यापुरती पस्तीस मार्कांची अट. सेव्हन एमएम-झिरो-एट किंवा थ्री-झिरो-एट घे. कोणत्याही दुकानात मिळतं, खांदा मोडत नाही. मोठमोठ्या मॅग्नमच्या नादी लागू नकोस, हलक्या रायफलीत तर अजिबात नको.

इथपर्यंत सगळं पुस्तकी झालं. आता खरी गोष्ट सांगतो, जी पोराला मी पहिल्यांदाच सांगितली.

१९७१ ची दिवाळी. मी दहा वर्षांचा, ताई सात. आप्पा शेतकरी माणूस, कांदा-बाजरी. वर्षातून दोन-चारदा ससा, तितर, कधीतरी मोठं काही. त्यांचा एक नियम होता: चाळीस पावलांच्या पलीकडे बार काढायचा नाही. बारा बोअरची पोचच तेवढी. त्यामुळे आप्पा पोटावर सरपटत जायचे, तास तास बसायचे, आणि दहातल्या आठ वेळा हात हलवत परत यायचे. आई चिडवायची.

त्या दिवाळीत गावातल्या एका बागायतदाराकडे मुंबईचे पाहुणे आले होते. त्यांच्याकडे छोटी, हलकी, दुर्बिणीची रायफल. अख्खं गाव बघायला लोटलं. पाहुणे म्हणाले, चला आप्पा, तुम्हाला डोंगराची माहिती आहे. मीही मागे लागलो. राजधेरच्या अंगाला एका सोंडेवर आम्ही चढलो, भराभर, कारण ओझं काही नव्हतंच! वर पोचतो तर पलीकडच्या उतारावर चिंकारा. एकटा. दोनशे पावलं तरी असेल. पाहुण्यांनी कौतुकाने रायफल आप्पांच्या हातात दिली. "मारा आप्पा, ही पोचते तिथवर."

आप्पांची धाप अजून खाली बसली नव्हती. मला त्यांची छाती वरखाली होताना दिसत होती. उभ्या उभ्या नेम धरला आणि बार काढला.

चिंकारा पडला नाही. मागचा भाग खाली गेला, पुन्हा उठला आणि घळीत उतरला. आम्ही अंधार पडेपर्यंत शोधला. दुसऱ्या दिवशी आप्पा एकटेच गेले, रात्री परत आले, कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावर गिधाडं फिरायला लागली. तेव्हा आमच्याकडे गिधाडं होती. आप्पा उठले, मीही मागून गेलो, आणि माझ्याही मागून ताई कधी आली ते कुणाला कळलंच नाही. घळीच्या तोंडाशी, पाण्यापासून दहा पावलांवर तो पडला होता. ताईने बघितलं. त्या दिवसापासून तिने मटणाला हात लावला नाही, आणि लग्नानंतर रीतसर माळ घातली. घरात सगळे म्हणतात की सासरचे वारकरी म्हणून. मला माहीत आहे तसं नाही ते.

आप्पा उतरताना एकच वाक्य बोलले. "माझ्या बंदुकीने हा बार काढलाच नसता रे मी." बस्स. त्यांनी पुन्हा शिकार केली नाही. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, कायदा आला, आणि बंदूक तेवढी भिंतीवर राहिली. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, संपली की परत आणायची. आप्पा गेल्यावर ती कायमचीच जमा केली.

मला इतकी वर्षं वाटायचं की आप्पा रायफलीला दोष देताहेत. आता कळतं की ते स्वतःबद्दल बोलत होते. जड, जवळ पोचणाऱ्या बंदुकीने त्यांच्यावर एक शिस्त घातली होती. हलकी, लांब पोचणारी हातात आली आणि ती शिस्त एका मिनिटात गळून पडली. चढ सोपा झाला म्हणून ते धापत वर पोचले. दुर्बिणीत चिंकारा जवळ दिसला म्हणून तो जवळ आहे असं वाटलं. हत्यार माणसाला वाईट करतं असं मी म्हणत नाही. पण ते माणसाला थोडी घाई करायला शिकवतं, आणि त्या घाईची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजतं. ते दुसरं कुणीतरी तीन दिवस पाण्याकडे सरकत होतं.

म्हणून माझं मत असं. डोंगरासाठी सगळ्यात हलकी रायफल घेऊ नये. धाप लागलेली असताना जी स्थिर धरता येते त्यातली सगळ्यात हलकी घ्यावी. दुकानात, एसीमध्ये, आरशासमोर रायफल उचलून वजन ठरवू नये. आपल्या सगळ्यात वाईट क्षणावर ते ठरवावं. पोरासाठी माझा आकडा: नुसती तीन किलोंच्या आसपास, सगळं चढवून पावणेचारच्या आत. उरलेले पैसे काडतुसांत आणि सरावात घालायचे. आणि अंतराची मर्यादा स्वतःच ठरवायची. टेकडीवर पळत जायचं, बसायचं, लगेच पाच गोळ्या मारायच्या. जिथवर पाचही ताटाएवढ्या गोलात बसतात तेवढंच आपलं अंतर. रायफल कुठवर पोचते हा प्रश्नच नाही.

आणि वजन कमीच करायचं असेल तर रायफलीच्या आधी दुसरीकडे भरपूर जागा आहे. पोटावर सहा किलो जास्त आहेत त्याच्या, फोटोत दिसतात! एक महिना जिना चढला तर टायटॅनियमचे पैसे वाचतील.

शेवटी त्याला विचारलं, एल्क पडला तर पुढे काय? तो गप्प. अरे, तीनशे किलोंचं धूड! तिथेच कापून, तुकडे करून, पाठीवर टाकून तीन-चार खेपा कराव्या लागतात, कित्येकदा अंधारात. मांस सोडून यायची कायद्याने मुभा नाही. रायफलीचं अर्धा किलो कमी करायच्या विचारात हा माणूस, आणि ते दोनशे पाउंड मांस कोण आणणार? जे खाली आणता येत नाही ते पाडू नये, एवढी साधी गोष्ट आहे. आप्पा मारलेला ससा स्वतः सोलायचे, दुसऱ्याला देत नसत.

मग मी त्याला एक काम सांगितलं. आमच्या शेतात चार किलोंची लहान पहार आहे. म्हटलं, तशी एक पहार खांद्याला अडकव आणि दर शनिवारी डोंगर चढ. दोन महिने. रडला नाहीस तर साडेतीन-चार किलोंची रायफल तुला जड नाही. रडलास तर रायफल बदलून उपयोग नाही. तिकडे पहार कुठली मिळायला, म्हणून त्याने पिशवीत वाळू भरली आहे. दोन शनिवार झालेत. काल मेसेज आला: "मामा, खांदा गेला. पण वरून काय दिसतं रे!" एल्कचा कळपही दिसला म्हणे, सकाळच्या उन्हात, अगदी लांब. रायफल अजून घेतलेली नाही. घेईल, नाहीतर नाही घेणार. मी दोन्हीला तयार आहे.

आणि ताई, आता तुझ्याशी. तू पोराला शपथ घालू नकोस. तू सात वर्षांची असताना कुणी तुला शपथ घातली नव्हती, तू बघितलंस आणि ठरवलंस. त्यालाही बघू दे. मी त्याला घळीची गोष्ट सांगितली तेव्हा फोनवर बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाला, "आईने कधी सांगितलं नाही." तेवढं तू सांग त्याला, तुझ्या तोंडून. मी दहा वर्षांचा होतो, मला गिधाडं जास्त आठवतात. तुला तो चिंकारा आठवतो.

असो. बरंच लांबलं. जाणकारांनी चूकभूल सांगावी, आणि ज्यांच्या घरी अशी भिंतीवरची बंदूक होती त्यांनी तिची गोष्ट लिहावी. वाचायला आवडेल.